पायाखाली बघून चालायचं गाव

शुक्रवार, २८ एप्रिल

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जायचं तर एडिंबराहून गाडीनं ल्यूकर्सला उतरायचं आणि पुढे बस पकडायची. गावाचं स्वतःचं स्टेशन १९६९ सालीच बंद झालंय. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीनं हे सगळं व्हॉट्सॲपवर दोनदा लिहून पाठवलं होतं. तरी मी तिकिटं काढली ती थेट डंडीची. ल्यूकर्सचा फलाट खिडकीतून मागे गेला तेव्हा हे म्हणाले, "उतरायचं तिथं उतरायचं नाही, ही तुमच्या माहेरची जुनीच रीत."

डंडीच्या अलीकडे टे नदीवरचा लांबलचक पूल लागतो. त्याच्या शेजारी पाण्यात दगडी बुंधे दिसतात, ओळीनं. जुना पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळात गाडीसकट कोसळला, त्याचे हे खांब. नव्या पुलावरून जाताना जुन्याचे बुंधे बघायला लावणारी माणसं मला पहिल्या दिवशीच आवडली.

डंडीत मला दोन प्राध्यापकांचं कॉलेज बघायचं होतं. पहिले पॅट्रिक गेडिस. १८८८ ते १९१९ ते इथे वनस्पतिशास्त्र शिकवत, तेही फक्त उन्हाळी सत्रात. उरलेल्या वर्षात त्यांनी शहरं कशी वाढतात याचा ध्यास घेतला, हिंदुस्थानात आले, १९१८ साली होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये विलायतेला शिकायला गेले ते गेडिसांच्या शिफारशीवर. दुसरे डार्सी टॉम्सन, प्राणिशास्त्राचे. १८८४ साली चोविसाव्या वर्षी डंडीत प्राध्यापक झाले, १९१७ साली सेंट अँड्र्यूजला गेले आणि १९४८ साली वारले तेव्हाही पदावरच होते. एका माशाचं चित्र चौकटीच्या कागदावर काढायचं, मग ती चौकट तिरकी किंवा वाकडी करायची, की दुसऱ्याच जातीचा मासा तयार होतो, हे त्यांचं प्रसिद्ध काम. मी एकतीस वर्षं सांगलीत गणित शिकवलं. निर्देशांकांचं रूपांतर शिकवताना पेंगणाऱ्या वर्गाला हे मासे दाखवायला हवे होते, असं आता वाटतं.

त्या काळी डंडीचं हे युनिव्हर्सिटी कॉलेज सेंट अँड्र्यूजचाच भाग होतं. १८८१ साली स्वतंत्र निघालं, १८९७ साली जोडलं गेलं आणि १९६७ साली वेगळं विद्यापीठ होऊन बाहेर पडलं. सत्तर वर्षांचा संसार. मोडताना वैद्यकीय शाखेचा मोठा हिस्साही डंडीकडेच गेला.

संध्याकाळी नव्याण्णव नंबरच्या बसनं सेंट अँड्र्यूजला पोचलो. भाची स्टँडवर होतीच. बॅगा खोलीवर टाकून लगेच फिरायला निघालो. गाव म्हणजे तीन लांब रस्ते, नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, साउथ स्ट्रीट, आणि पलीकडे समुद्र. नॉर्थ स्ट्रीटवर एका उंच दगडी मनोऱ्याचा फोटो काढायला मी दोन पावलं मागे सरले, तर भाची किंचाळली, "मावशी, पाय उचल!"

खाली बघितलं. फरसबंदीत गोट्यांनी दोन रोमन अक्षरं बसवली होती, पी आणि एच. माझा बूट बरोबर मधोमध. आजूबाजूची दोन-तीन पोरं तोंड फिरवून हसू लपवत पुढे गेली.

पी एच म्हणजे पॅट्रिक हॅमिल्टन. २९ फेब्रुवारी १५२८ रोजी या मनोऱ्यापुढे त्याला खांबाला बांधून जाळलं. वय चोवीसच्या आसपास. गुन्हा असा, की जर्मनीतून धर्मसुधारक लूथरची मतं घेऊन आला आणि ती बोलून दाखवली. हवा ओली, लाकडं ओली, सहा तास लागले म्हणतात. त्या अक्षरांवर पाय देणारा विद्यार्थी परीक्षेत नापास होतो, अशी इथली समजूत. गर्दीच्या वेळी पोरं त्या जागेला वळसा घालून जातात. उतारा एकच: १ मेच्या पहाटे उत्तर समुद्रात डुबकी.

"माझ्या परीक्षा संपल्या गं," मी म्हटलं.

"माझी पुढच्या आठवड्यात आहे," ती म्हणाली, "आणि तू माझी पाहुणी आहेस."

शनिवार, २९ एप्रिल

सकाळी बाहेर काहीच दिसेना. समुद्रावरून दाट धुकं चढून येतं, त्याला इकडे 'हार' म्हणतात. हे म्हणाले, आल्या आल्या हार घालून स्वागत, एवढं तर जावयाचंही होत नाही हल्ली.

म्हणून आधी म्युझियम गाठलं. वॉर्डलॉ म्युझियम, म्हणजे ज्या बिशपनं विद्यापीठ काढलं त्याच्या नावाचं. इथे ती कथा नीट कळली, आणि मी तिच्या प्रेमातच पडले. चौदाव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती जगात एकाच वेळी दोन पोप होते, एक रोमला, एक आव्हिन्यॉनला. इंग्लंड रोमच्या बाजूला, म्हणून स्कॉटलंड दुसऱ्याच्या. स्कॉटिश पोरांना ऑक्सफर्ड-केंब्रिज तसंही अवघड, ती जायची पॅरिसला. पण १४०८ साली फ्रान्सनंही आव्हिन्यॉनच्या पोपची साथ सोडली आणि पोरांची तिथेही पंचाईत झाली. मग १४१० साली काही शिक्षकांनी इथेच वर्ग भरवायला सुरुवात केली. १४१२ साली बिशप हेन्री वॉर्डलॉनं सनद दिली. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स तेव्हा इंग्लंडच्या कैदेत होता. पण पदवी ख्रिस्ती जगात चालायची तर पोपचा शिक्का हवा. स्कॉटलंड ज्याला मानत होतं तो आव्हिन्यॉनचा पोप, तेरावा बेनेडिक्ट, तोवर स्पेनच्या किनाऱ्यावर पेन्यिस्कोला नावाच्या खडकावरच्या किल्ल्यात जाऊन बसला होता. त्याला मानणारे मोजकेच उरले होते. त्यानं २८ ऑगस्ट १४१३ रोजी सहा फर्मानं काढली. ती इथे पोचली थेट १४१४च्या फेब्रुवारीत. घंटा वाजल्या, रस्त्यात शेकोट्या पेटल्या, दारू वाहिली.

आणि चार वर्षांनी? १४१८ साली याच विद्यापीठातल्या विद्वानांनी चर्चा करून ठरवलं, की बेनेडिक्टला पोप मानायचं सोडावं. ज्याच्या सहीवर पदव्या, त्यालाच काढून टाकलं! मला विद्यापीठांचा एवढा अनुभव आहे की यात आश्चर्य काही वाटलं नाही. सही झाल्यावर सही करणाऱ्याला कोण विचारतो.

म्युझियममध्ये मध्ययुगातले तीन राजदंड आहेत, पदवीदानात अजूनही मिरवतात. त्यातला सेंट सॅल्व्हेटर कॉलेजचा १४६१ साली पॅरिसला घडवलेला. पॅरिसनं पोरं परत पाठवली तरी कारागिरी तिथलीच हवी होती. याच कॉलेजात १५६३ साली जॉन नेपियर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा दाखल झाला होता. आम्ही अकरावीला ज्या लॉग टेबलांच्या पुस्तिका घामेजल्या हातांनी चाळल्या, ती त्याची करणी. लॉगॅरिदमचं पुस्तक १६१४ सालचं.

दुपारी धुकं विरलं आणि साउथ स्ट्रीटवर गेलो. इथे पुन्हा पायाखाली बघायचं होतं. फरसबंदीत एक धातूची रेषा ठोकलीय, उत्तर-दक्षिण. शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जेम्स ग्रेगरीची प्रयोगशाळा होती. १६६८ साली तो इथे गणिताचा पहिला रीजिअस, म्हणजे राजानं नेमलेला, प्राध्यापक झाला, वय एकोणतीस. खोलीच्या जमिनीवर त्यानं मध्यान्हरेषा आखली होती, तीच आता रस्त्यावर आणलीय. ग्रिनिचची रेषा जगानं १८८४ साली मान्य केली, ही त्याआधी दोनशे वर्षांची. तिच्यावर घड्याळ लावायचं तर गाव ग्रिनिचच्या सुमारे अकरा मिनिटं मागे पडेल.

ग्रेगरीबद्दल मी किती बोलावं? आरशाची दुर्बीण त्यानं १६६३ साली कागदावर मांडली, न्यूटननं बांधण्याआधी. समुद्रपक्ष्याचं पीस उन्हात धरलं तर पलीकडे रंगांचे ठिपके पडतात, हे त्यानं इथेच पाहून पत्रात लिहिलं. आर्कटॅनची श्रेणी त्याच्या नावानं ओळखली जाते. ती फळ्यावर लिहिताना मी दरवर्षी सांगायची, की केरळात संगमग्रामच्या माधवाला ही तीनशे वर्षांआधी माहीत होती. ग्रेगरीला त्याची वार्ता असणं शक्य नव्हतं. दोघांनी आपापल्या किनाऱ्यावर बसून शोधली.

गावानं मात्र त्याला छळलं. वेधशाळेसाठी त्यानं पैसे गोळा केले, ॲबर्डीनमध्ये चर्चच्या दारात वर्गणी झाली. आणि इथल्या जुन्या प्राध्यापकांनी त्याचा पगार अडवला, विद्यार्थ्यांना त्याच्याशी बोलायची बंदी केली. नवं गणित शिकून पोरं जुन्या मास्तरांना प्रश्न विचारायला लागली होती, हा राग. १६७४ साली कंटाळून तो एडिंबराला गेला, पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांना गुरूचे चंद्र दाखवताना त्याला झटका आला, दिसेनासं झालं आणि थोड्याच दिवसांत छत्तिसाव्या वर्षी वारला. आज तीच मंडळी त्याच्या नावाची रेषा रस्त्यात ठोकतात. मी तिच्यावर दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभी राहिले. हिच्यावर पाय दिला तर काही शाप नाही, हे आधी विचारून घेतलं.

त्याच इमारतीच्या मागे सेंट मेरीज कॉलेजचं आवार. सोळाव्या शतकात स्कॉट्सची राणी मेरीनं लावलं असं म्हणतात ते काटेरी झाड तिथे टेकू लावून उभं केलंय. हे कॉलेज काढलं १५३८ साली आर्चबिशप जेम्स बीटननं. बीटन म्हणजे तोच, ज्यानं दहा वर्षांपूर्वी हॅमिल्टनला जाळायची शिक्षा दिली होती.

रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे गेलो तर एका जुन्या मठाच्या भग्न भिंतीमागे शाळेची इमारत आणि नाव काय, तर मद्रास कॉलेज! अँड्र्यू बेल इथलाच, १७५३ सालचा, इथल्याच विद्यापीठात शिकलेला. मद्रासला गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा त्याच्याकडे आली. शिक्षक मिळेनात, मिळाले ते ऐकेनात. एकदा त्यानं एका देशी शाळेत बघितलं, मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतायत. त्यानं आपल्या शाळेत तेच सुरू केलं आणि वरच्या मुलांना खालच्यांवर मास्तर नेमलं. याचा वृत्तांत त्यानं १७९७ साली छापला आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती ब्रिटनभर पसरली. वाळूत अक्षरं म्हणजे आपली धूळपाटी हो! माझे आजोबा धूळपाटीवर शिकले. मोठ्या मुलानं धाकट्याचा हात धरून गिरवून घ्यायचं हेही आपल्या पंतोजींच्या शाळेत होतंच. ते स्कॉटलंडला जाऊन 'पद्धत' झालं आणि त्याच्यावर दगडी इमारत उभी राहिली, १८३३ साली. शाळा २०२१ साली नव्या जागेत गेली. ही इमारत आता विद्यापीठाकडे आलीय.

रात्री भाचीच्या खोलीवर मुगाची खिचडी. पाय बोलत होते.

रविवार, ३० एप्रिल

सकाळी सेंट सॅल्व्हेटरच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला बसलो. मी श्रद्धाळू नाही, पण गाणं ऐकण्यासारखं. कॉलेज काढणाऱ्या बिशप केनेडीची समाधी आत आहे, १४५० सालचं त्याचं हे कॉलेज. बाहेर पडताना मी त्या अक्षरांना एवढा वळसा घातला की भाची खूश.

इथे मला एका माणसाची आठवण काढायची होती. १८२०च्या दशकात टॉमस चाल्मर्स इथे नीतिशास्त्र शिकवत. त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी सहाजण मिशनरी होऊन बाहेर पडले. त्यातला अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेला, ते पुष्कळांना माहीत असतं. रॉबर्ट नेस्बिट मात्र आपल्याकडे आला. १८२७ साली मुंबईला उतरला, कोकणात राहिला, १८५५ साली मुंबईतच गेला. गोऱ्यांमध्ये त्याच्याइतकं अस्सल मराठी बोलणारा दुसरा नाही अशी त्याची ख्याती होती. तो कशासाठी आला होता याबद्दल माझं मत वेगळं आहे. पण या थंड दगडी बाकांवर बसणाऱ्या पोरानं आपला 'ळ' नीट उच्चारायला किती घोटला असेल, हे मनात येऊन बरं वाटलं.

प्रार्थनेनंतर मुलांची रांग बंदराच्या लांब धक्क्यावर चालत गेली. अंगात लाल झगे. पहिल्या वर्षाच्यांनी झगा दोन्ही खांद्यांवर घट्ट घ्यायचा, दुसऱ्या वर्षी जरा खाली, तिसऱ्या वर्षी एकाच खांद्यावर, चौथ्या वर्षी पार कोपरापर्यंत घसरलेला. जसजसं शिक्षण अंगात मुरतं तसतसा झगा निसटतो, असा मी अर्थ लावला. पहिल्या वर्षाच्या मुलाला इथे 'बेजंट' म्हणतात, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पिवळ्या चोचीचा. लाल रंग का, तर पोरं दारूच्या गुत्त्यात शिरताना लांबून ओळखू यावीत म्हणून, असं सांगतात. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण असं कारण विद्यापीठाला शोभतं.

किल्ला आणि कॅथीड्रल यांना अर्धा दिवस दिला. कॅथीड्रल ११५८ साली बांधायला घेतलं, १३१८ साली पूर्ण झालं आणि १५५९ साली धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या प्रवचनानंतर जमावानं आतलं सगळं फोडलं. आता दोन टोकांच्या भिंती आणि मध्ये गवत. सेंट रूलचा मनोरा दीडशेच्या वर पायऱ्यांचा, मी खालूनच बघितला. किल्ल्यात मात्र खाली उतरले. १५४६-४७च्या वेढ्यात बाहेरच्यांनी किल्ल्याखाली भुयार खणलं, आतल्यांनी आवाजाच्या अंदाजानं उलट भुयार खणून ते गाठलं. दोन्ही भुयारं जिथे भिडली तिथे वाकून जाता येतं. यांची कंबर आठवडाभर धरलेली, ते वर बसून सीगलला चिप्स चारत होते. चारत होते म्हणजे एकानं हातातून नेल्या.

यांचा दिवस दुपारी उजाडला. ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद असतो आणि सगळं मैदान गावाला फिरायला मोकळं. १७६४ साली इथे बावीसची अठरा होल्स केली, म्हणून जगभर अठरा. ते स्विल्कन पुलावर अर्धा तास उभे होते. लग्नातल्या फोटोतही एवढे ताठ नव्हते.

मी तोवर बाकावर बसून अठराव्या शतकाचा विचार करत होते. आजच्या गर्दीकडे बघून खरं वाटत नाही, पण हे विद्यापीठ कित्येकदा मरता मरता वाचलंय. १६९०च्या दशकात ते उचलून पर्थला न्यायचं चाललं होतं. १७४७ साली पैशाअभावी सेंट सॅल्व्हेटर आणि सेंट लेनर्ड्स ही दोन कॉलेजं एक केली. १७७३ साली इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आले तेव्हा बंद पडलेल्या सेंट लेनर्ड्सच्या चॅपलमध्ये झाडं लावायचा प्रयत्न चालला होता आणि तीही जगत नव्हती. उच्च वर्गातल्या मुलाचा सात महिन्यांच्या सत्राचा खर्च तेव्हा पंधरा पौंड. वैद्यकीच्या पदव्या दोन डॉक्टरांच्या शिफारशीवर आणि फीवर घरपोच मिळत. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या ज्याँ पॉल मारानं १७७५ साली अशीच घेतली. १८७०च्या दशकात तर विद्यार्थी दीडशेही नव्हते.

ते वाचलं त्यात बायकांचा वाटा मोठा, हे मला फार आवडलं. १८७७ साली विद्यापीठानं स्त्रियांसाठी एलएलए (लेडी लिटरेट इन आर्ट्स) नावाची परीक्षा काढली. गावात यायला नको, ठिकठिकाणच्या केंद्रांवर द्यायची. हजारोंनी दिली आणि फीही आली. खरी पदवी पहिल्या स्त्रीला, ॲग्नेस ब्लॅकॅडरला, १८९५ साली मिळाली. त्याला आमच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन नऊ वर्षं झाली होती, हे मी भाचीला दोनदा ऐकवलं. "पण फिलाडेल्फियाला," ती म्हणाली. ते खरंच.

रात्री मशाली घेऊन मुलं पुन्हा धक्क्यावर गेली. १८०० साली जॉन हनी नावाच्या विद्यार्थ्यानं वादळात रुतलेल्या जहाजापर्यंत पोहत जाऊन खलाशी वाचवले, त्याची आठवण. काळोखात मशालींची ओळ पाण्यापर्यंत गेली आणि गाणं वाऱ्यानं तुटक तुटक ऐकू आलं. तिथून कुणी झोपायला गेलं नाही.

सोमवार, १ मे

पहाटे साडेचारला भाचीनं दार वाजवलं. महाराष्ट्र दिनाला मी ध्वजवंदन चुकवलेलं नाही नोकरीत कधी. आज ईस्ट सँड्सवर. शेकडो पोरं किनाऱ्यावर, टॉवेल, शेकोट्या, रात्रभर जागलेले डोळे. क्षितिज तांबडं झालं तशी एकच आरोळी उठली आणि सगळी समुद्रात घुसली, कोणी पोहायच्या कपड्यांत, कोणी सूट घालून. पाणी दहा अंशांच्याही खाली. गेली तशीच ओरडत परत आली. भाचीही गेली. गळ्यापर्यंत बुडून आली, दात वाजत होते.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी बूट काढले, मोजे काढले, साडी पोटऱ्यांपर्यंत धरली आणि गेले. पहिली लाट घोट्यावर आली आणि तोंडातून जे निघालं ते अस्सल सांगलीचं होतं. नेस्बिटला समजलं असतं.

लाट परत गेली तिथे वाळू पाटीसारखी सपाट झाली होती. अंगठ्यानं 'श्री' काढला, पुढची लाट यायच्या आत मागे पळाले.

"हे चालतं का गं?" मी टॉवेलानं पाय चोळत विचारलं. "डोकं बुडवायला हवं म्हणतात ना?"

तिनं चहाचा थर्मास उघडत थोडा विचार केला. "तू पाय दिला होतास ना? मग पाय धुतलेस. झालं."

बस नऊ चाळीसला होती.